मोर्चातला साक्षीदार

(देवर्षी नारद जयंतीनिमित्त झालेल्या कार्यक्रमात एका ज्येष्ठ वृत्तछायाचित्रकाराने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



नारद जयंतीच्या दिवशी नारदांना आद्य पत्रकार म्हणण्याचा प्रघात आहे. त्यावर आजवर पुष्कळ बोलले गेले आहे, त्यात मी भर घालणार नाही. मला नारदांची एकच गोष्ट आज आठवते. देवसभेत त्यांना जसे मुक्तद्वार होते, तसेच ते असुरांच्या दरबारातही होते. हिरण्यकशिपूची पत्नी कयाधू हिला आश्रय मिळाला तो नारदांच्याच आश्रमात. त्यांच्यावर रागावलेलेही पुष्कळ. दक्ष प्रजापतीने तर त्यांना शाप दिला, आणि दक्ष हा काही असुरपक्षातला नव्हे! परंतु कोणी त्यांची वीणा हिसकावून जमिनीवर आपटली, असे माझ्या वाचनात नाही. आमचे कॅमेरे मात्र हिसकावले जातात आणि आपटलेही जातात. आजचा विषय तोच आहे.

मोर्चा, निदर्शने, धरणे, बंद यांचे चित्रण करणे हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय. या कामात दोन बाजूंनी धोका असतो. पोलिसांच्या लाठीला समोरचा माणूस आंदोलक आहे की छायाचित्रकार, हे गर्दीत दिसत नाही. ती लाठी आम्ही गृहीतच धरलेली असते. ज्यांचे म्हणणे जगापुढे नेण्यासाठी आम्ही उन्हातान्हात उभे राहतो, त्यांच्याकडून येणारा दगड अधिक लागतो. तो का येतो, आणि तो फेकणारा स्वतःचे काय नुकसान करून घेतो, हे आपल्यासारख्या सार्वजनिक कामात असणाऱ्यांपुढे मांडावे, असे मला वाटते. आपल्यापैकी अनेकांनी मोर्चे काढले आहेत आणि पुढेही काढणार आहात.

मुंबईचे आझाद मैदान आपणा सर्वांना ठाऊक आहे. ११ ऑगस्ट २०१२ रोजी, शनिवारी, तेथे आसाममधील आणि म्यानमारमधील हिंसाचाराच्या निषेधार्थ रझा अकादमी आणि इतर काही संघटनांनी सभा बोलावली होती. अपेक्षेपेक्षा कितीतरी पट अधिक लोक जमले. पुढे जे घडले ते आपण पाहिलेले आहे. दोघांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जण जखमी झाले, त्यांत पोलिसांची संख्या मोठी होती. महिला पोलिसांचा विनयभंग झाला. छत्रपती शिवाजी टर्मिनससमोरच्या अमर जवान स्मारकाची विटंबना झाली. या सगळ्यात जमावाने आरंभीच ज्यांना लक्ष्य केले, त्यांत वृत्तवाहिन्यांच्या ओबी व्हॅन होत्या आणि आमचे छायाचित्रकार बांधव होते. गाड्या जाळल्या, कॅमेरे फोडले, माणसांना मारहाण केली.

जमावाची तक्रार काय होती? प्रसारमाध्यमे म्यानमारमधील अत्याचार दाखवत नाहीत, ही. आणि जमाव कशाने पेटला होता? मोबाईलवरून आणि इंटरनेटवरून फिरणाऱ्या छायाचित्रांनी. त्या छायाचित्रांतील कित्येक बनावट होती. एक तर फार प्रसिद्ध झाले. भगव्या-तांबड्या वस्त्रांतील बौद्ध भिक्षू आणि त्यांच्यापुढे मृतदेहांची रास, असे ते छायाचित्र. खाली मजकूर असा की, भिक्षूंनी केलेले हत्याकांड पाहा. प्रत्यक्षात ते २०१० साली तिबेटी पठारावर, चीनमधील युशू येथे झालेल्या भूकंपानंतरचे होते. मेलेल्यांच्या अंत्यसंस्कारासाठी जमलेले भिक्षू मारेकरी म्हणून दाखवले गेले होते. हा तपशील मी मुद्दाम सांगतो. खोटी चित्रे पाहून चवताळलेला जमाव खरी चित्रे टिपणाऱ्यांवर तुटून पडला. त्या दिवशी मैदानात खऱ्याखोट्याची शहानिशा करू शकेल अशी काही माणसे असतील, तर ती कॅमेरे घेऊन उभी होती आणि त्यांचेच कॅमेरे फुटत होते.

त्याच महिन्यात अशाच अफवांनी पुणे आणि बंगळुरू येथून ईशान्य भारतातील हजारो तरुण-तरुणी घाबरून गावी निघाले. रेल्वे स्थानकांवर उसळलेली ती गर्दी आपल्याला आठवत असेल. शेवटी केंद्र सरकारला एका वेळी पाचापेक्षा अधिक एसएमएस पाठवण्यावर काही दिवस बंदी घालावी लागली. असो.

एवढे कॅमेरे फोडूनही जमावाला आपले कृत्य लपवता आले नाही. अमर जवान स्मारकावर लाथ मारणाऱ्या तरुणाचे छायाचित्र एका वृत्तपत्र-छायाचित्रकाराने त्या धुमश्चक्रीत टिपले आणि ते देशभर पोहोचले. त्या छायाचित्रावरून मुंबई पोलिसांनी त्याचा माग काढला आणि बिहारमधील सीतामढी जिल्ह्यातून त्याला पकडून आणले. इतर अनेक आरोपींची ओळखही वाहिन्यांच्या चित्रफितींवरूनच पटली. चार वर्षांपूर्वी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, रस्त्यापलीकडच्या त्याच टर्मिनसच्या फलाटावर सेबॅस्टियन डिसोझा यांनी रेल्वेच्या डब्याआड राहून कसाबची छायाचित्रे घेतली होती. खटल्यात ती पुरावा ठरली आणि त्यांनी न्यायालयात साक्षही दिली. हातात कॅमेऱ्याखेरीज काही नसलेला माणूस काय करू शकतो, याची ही दोन उदाहरणे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर घडलेली आहेत.

आता थोडे कामाच्या रीतीविषयी सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. मोर्चात आम्ही मध्यभागी उभे राहत नाही. पाठीशी भिंत, बंद दुकानाचे शटर किंवा उभी गाडी असावी आणि एका बाजूला निसटायला गल्ली असावी, हे नवख्याला पहिल्या दिवशी शिकवले जाते. दगड मारणारे पुढच्या रांगेत सहसा नसतात, ते मागून येतात. घोषणांचा ताल बदलला, पुढाऱ्याच्या घोषणेला प्रतिसाद न देता मागचा एखादा गट स्वतःच्याच घोषणा देऊ लागला, चार-दोघांनी रुमाल तोंडाला बांधले, की आम्ही लेन्स बदलतो. जवळून घेण्याची रुंद लेन्स काढून लांबून घेण्याची लावतो. टीव्हीच्या कॅमेरामनची स्थिती अधिक बिकट. उजवा डोळा कॅमेऱ्याला लागलेला, खांद्यावर पाच-सात किलोचे ओझे आणि उजवीकडून काय येते आहे ते दिसत नाही. म्हणून त्याचा सहकारी मागून त्याचा कमरपट्टा धरून उभा राहतो आणि वेळ आली की तसाच मागे ओढतो. जमावाने घेरले तर पहिली मागणी असते, ‘फोटो डिलीट कर.’ अनुभवी छायाचित्रकाराचे भरलेले मेमरी कार्ड तोवर मोज्यात गेलेले असते आणि कॅमेऱ्यात कोरे कार्ड असते!

आता प्रश्न असा की, आंदोलक चिडतो का? त्याच्या रागात काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. आमच्या धंद्याची लबाडी मला ठाऊक आहे. लांब पल्ल्याच्या लेन्सने शंभर माणसे हजारांसारखी दाखवता येतात आणि उंचावरून रुंद लेन्स लावली, तर भरलेले मैदानही विरळ दिसते. पाच तास शांततेत चाललेल्या मोर्चात कोपऱ्यावर एक टायर जळला, तर दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तो टायरच असतो. हजारो माणसे शिस्तीत चालली, ही बातमी होत नाही. आपल्याही कार्यक्रमांच्या वाट्याला हे आलेले आहे, ते मी आपल्याला नव्याने सांगायला नको. परंतु येथे एक भेद ध्यानी घ्यायला हवा. कोणते चित्र छापायचे, खाली कोणता मथळा द्यायचा, ते कार्यालयात ठरते. चर्चेत कोणाला बोलू द्यायचे आणि कोणाला दटावायचे, ते स्टुडिओत ठरते. मैदानात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती यांपैकी काहीही नसते. वातानुकूलित खोलीतील सूत्रसंचालक बोलतो आणि त्याचा मार कॅमेरामन खातो. २०२० च्या जानेवारीत दिल्लीच्या शाहीन बागेत एका ज्येष्ठ दूरचित्रवाणी पत्रकाराला आणि त्याच्या कॅमेरामनला धक्काबुक्की झाली. पुढे दिल्लीच्या सीमेवरील शेतकरी आंदोलनात तर काही वार्ताहर माईकवरचा आपल्या वाहिनीचा ठोकळा काढून ठेवून काम करत. आपण कोण हे लपवून बातमी गोळा करण्याची वेळ पत्रकारावर यावी, यात आंदोलनाचा कोणता लाभ झाला?

दुसरे कारण भीतीचे. मोर्चातला माणूस कोणाचा तरी नोकर असतो, विद्यार्थी असतो. चेहरा छापून आला तर साहेब विचारतील, पोलीस नोटीस काढतील, ही धास्ती खरी आहे. शांततेत चालणाऱ्याने तिचा फार बाऊ करू नये, कारण मागणी उघडपणे करायची तर चेहराही उघड असणार. ज्याच्या हातात दगड आहे त्याची धास्ती वेगळी, तिच्याविषयी मला सहानुभूती नाही.

बंधू-भगिनींनो, दुसऱ्यांच्या जमावांविषयी बोलणे सोपे असते. म्हणून अयोध्येचा उल्लेख मी टाळणार नाही. ६ डिसेंबर १९९२ रोजी तेथे पत्रकारांवर आणि छायाचित्रकारांवर हल्ले झाले, कॅमेरे फोडले गेले. माझ्या व्यवसायबंधूंनी तेथे मार खाल्ला. रामजन्मभूमीविषयी माझी श्रद्धा आपल्याइतकीच आहे, आणि म्हणूनच हे सांगताना मला संकोच वाटत नाही. त्या दिवसाविषयी पुढे अठ्ठावीस वर्षे वाद चालला. कोण काय बोलले, कोणी कोणाला रोखले, कोणी चिथावले, याविषयी प्रत्येकाने आपापली कथा सांगितली. ३० सप्टेंबर २०२० रोजी लखनौच्या विशेष न्यायालयाने सर्व ३२ आरोपींची निर्दोष मुक्तता केली, तेव्हा न्यायालयाने छायाचित्रांच्या मूळ निगेटिव्ह सादर न झाल्याचे आणि चित्रफितींच्या कॅसेट मोहोरबंद नसल्याचे नमूद केले. ज्या पुढाऱ्यांनी जमावाला आवरण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले जाते, त्यांच्या त्या प्रयत्नाचे नि:संशय चित्रणही मग कोठून मिळणार? कॅमेरा फुटतो तेव्हा आरोप करणाऱ्याचा पुरावा जातो, तसाच निर्दोष माणसाचाही जातो.

शबरीमलेचेही तसेच. ऑक्टोबर २०१८ मध्ये परंपरेच्या रक्षणासाठी केरळातील हजारो स्त्रिया नामजप करत रस्त्यावर आल्या होत्या. देशाने ते दृश्य पाहायला हवे होते. परंतु निलक्कल येथे महिला पत्रकारांवर आणि त्यांच्या गाड्यांवर हल्ले झाले आणि देशाने पाहिल्या त्या फुटलेल्या काचा. त्या नामजपाचा आवाज कोणी बुडवला, वाहिन्यांनी की काच फोडणाऱ्या त्या मूठभर हातांनी? याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

हे केवळ आपल्या देशात घडते असेही नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या संसदभवनात घुसलेल्या जमावाने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराला ओढून खाली खेचले, कॅमेऱ्यांचे साहित्य फोडून त्याचा ढीग केला आणि एका दारावर ‘माध्यमांना ठार करा’ अशा अर्थाचे शब्द कोरले. मौज अशी की, हेच लोक स्वतःच्या मोबाईलवर स्वतःचे चित्रण करत होते आणि त्याच चित्रणावरून तपास यंत्रणेने त्यांना शेकड्यांनी ओळखले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये नव्या अध्यक्षांनी सुमारे १५०० जणांना माफी दिली, तो भाग वेगळा.

कॅमेरा नसेल तर काय होते, हे या सभागृहातील ज्येष्ठांना मी काय सांगावे? आणीबाणीत लोकसंघर्ष समितीने नोव्हेंबर १९७५ पासून सत्याग्रह केला. हजारो स्वयंसेवक घोषणा देत तुरुंगात गेले. त्या महिन्यांतील दैनिके काढून पाहा. पूर्वतपासणीच्या बडग्याखाली त्या सत्याग्रहाचे छायाचित्र सोडा, चार ओळींची बातमीही मोठ्या कष्टाने सापडते. आपल्यापैकी कोणाचे वडील, कोणाचे काका त्यात होते. घरच्यांपाशी त्या दिवसाचे एकही चित्र नाही. उलट, बडोदा डायनामाइट खटल्यात न्यायालयात आणलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी बेड्या घातलेला हात उंचावल्याचे एक छायाचित्र तेवढे राहिले आणि १९७७ च्या निवडणुकीत ते घरोघर पोहोचले. फर्नांडिस तुरुंगात होते आणि मुझफ्फरपूरला तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. त्याही आधीचे पाहायचे, तर १९३० च्या दांडीयात्रेचे चित्रण मुंबईच्या चित्रपट कंपन्यांनी केले होते आणि ते दाखवण्यावर इंग्रज सरकारने प्रांतोप्रांती बंदी घातली. कॅमेऱ्याची धास्ती राज्यकर्त्याला वाटावी, हे समजू शकते. ती आंदोलकाला का वाटावी?

आझाद मैदानाकडेच पुन्हा येतो. २०१२ ला ज्या मैदानातून धूर निघाला, त्याच मैदानावर मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी आणि वनवासी बांधव सुमारे १८० किलोमीटर चालून आले. काढणारी संघटना डावी, झेंडे लाल. विचार आपला नव्हे. तरीही दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीच चालले, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या फुटलेल्या, फोड आलेल्या पायांची छायाचित्रे आमच्या लोकांनी घेतली. कोणी अडवले नाही. पाय मांडीवर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बायका निमूटपणे समोर बसून राहिल्या. सकाळी मुंबईकर पाणी, खाऊ, चपला घेऊन रस्त्यावर आले. भाषणांनी एवढे झाले नसते, आणि सरकारने त्याच दिवशी बहुतेक मागण्यांवर लेखी आश्वासन दिले.

त्याआधी मराठा समाजाचे मूक मोर्चे. ९ ऑगस्ट २०१६ रोजी संभाजीनगरला पहिला, आणि वर्षानंतर त्याच तारखेला जिजामाता उद्यानापासून याच आझाद मैदानापर्यंत. पुढे मुली, मग स्त्रिया, पुढारी सगळ्यांच्या मागे. घोषणा नाही, भाषण नाही, मोर्चा संपल्यावर रस्ता झाडणारे स्वयंसेवक. त्या मोर्चांची ओळख म्हणजे उंचावरून ड्रोनने घेतलेली चित्रे, ज्यांत रस्ता दिसतच नाही, केवळ माणसे दिसतात. एवढ्या प्रचंड गर्दीत छायाचित्रकार निर्धास्तपणे फिरत होते. हे आपोआप घडत नाही. कोठल्या चौकात कोण उभा राहील, याचे नियोजन त्यामागे असते.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये प्रसारमाध्यमांतील व्यक्तींवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला आणि पुढे त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. खोटी तक्रार करणाऱ्या पत्रकारालाही शिक्षेची तरतूद आहे, आणि ते योग्यच आहे. उणीव अशी की, कायद्याचे छत्र माध्यमसंस्थेत नोकरीवर वा कंत्राटावर असलेल्यांपुरते आहे. आज मोर्चातले निम्मे चित्रण मोबाईल हाती असलेला नागरिक करतो. तो या व्याख्येत बसत नाही.

त्या नागरिकासाठी, आणि आपल्या कार्यकर्त्यांसाठीही, एक व्यावहारिक गोष्ट. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलवरील चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचे, तर विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात त्या फाईलचा ‘हॅश’, म्हणजे तिचा अंकरूपी ठसा, नोंदवावा लागतो. म्हणून मूळ चित्रण कापू नका, त्यावर संगीत चढवू नका, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीवर विसंबू नका. ज्या मोबाईलमध्ये चित्रण झाले तो जपून ठेवा. लखनौच्या न्यायालयातील कॅसेटचे काय झाले, ते मघाशी सांगितलेच.

आणि मोर्चाच्या नियोजनाच्या बैठकीत पाण्याची गाडी कोठे उभी करायची आणि रुग्णवाहिका कोठे ठेवायची, हे जेव्हा आपण ठरवता, तेव्हाच छायाचित्रकारांची जागाही ठरवून टाका. मोर्चाच्या वाटेवर दोन-तीन ठिकाणी एखादा उभा ट्रक किंवा साधे लाकडी व्यासपीठ पुरते. तेथे समजूतदार असे दोन कार्यकर्ते नेमा. आमच्याविषयी तक्रार असेल तर ती त्यांनी ऐकावी, आणि कोणी तरुण चिडून पुढे आला तर त्याला नावाने हाक मारून बाजूला घ्यावे. अनोळखी पोलिसाच्या शिट्टीपेक्षा ओळखीच्या माणसाची हाक गर्दीत लवकर ऐकली जाते. मोर्चा सकाळचा असेल तर आमची जागा अशी ठेवा की आमची पाठ पूर्वेला राहील. मग ऊन मोर्चेकऱ्यांच्या चेहऱ्यांवर पडते आणि फलकांवरची अक्षरेही वाचता येतात.